प्रोसेसर-वापराची टक्केवारी कशी वाचावी: लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि इतर

एकाच संगणकावर एकाच वेळी चालणाऱ्या एकाच प्रोग्रामचा प्रोसेसर-वापर एक साधन १०० टक्के, दुसरे १२ टक्के आणि तिसरे ०.२ टक्के दाखवू शकते, आणि तरीही तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. ही टक्केवारी म्हणजे मुळात एक भागाकार आहे: प्रोसेसर कामात असलेला वेळ भागिले त्याच्याकडे उपलब्ध असलेला वेळ. कोणत्याही एका क्षणी कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा एक घटक, एक तर काही चालवत असतो किंवा रिकामा असतो. ‘३७ टक्के व्यग्र’ अशी त्याची क्षणिक अवस्था नसते. म्हणून आकडा नेहमी काही काळाच्या टप्प्याचाच असतो. तो टप्पा किती लांबीचा धरायचा, उपलब्ध वेळ एका कोअरचा मोजायचा की सगळ्यांचा, आणि नेमक्या कोणत्या वेळेला ‘काम’ म्हणायचे, या तीन बाबतींत ऑपरेटिंग सिस्टीम एकमेकींपासून वेगळ्या वागतात. पुढील पायऱ्या संगणकासमोर बसून एकेक करून पाहाव्यात. केवळ वाचून हा विषय अंगवळणी पडत नाही.

पायरी पहिली: आपल्याकडे कोअर किती, हे आधी पाहावे

ज्याला एकूण कोअरांची संख्या ठाऊक नाही, त्याला टक्केवारीचा अर्थ लागणे शक्य नाही. येथे मोजायचे ते लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला स्वतंत्र दिसणारे प्रोसेसर, कारण ऑपरेटिंग सिस्टीम हिशेब त्यांचाच ठेवते. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एनप्रॉक ही आज्ञा थेट संख्या देते, आणि एलएससीपीयू ही आज्ञा एका कोअरमागे किती थ्रेड, म्हणजे किती लॉजिकल प्रोसेसर, आहेत तेही सांगते. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात सीपीयूवर टिचकी मारली की आलेखाखाली कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर अशा दोन वेगळ्या संख्या दिसतात. मॅकवर अ‍ॅपल मेनूतून सिस्टीमविषयीच्या माहितीचा अहवाल उघडला की त्यात कोअरांची एकूण संख्या मिळते.

लॉजिकल आणि प्रत्यक्ष कोअर यांतील फरक येथेच लक्षात घेतलेला बरा. हायपरथ्रेडिंग असलेल्या प्रोसेसरमध्ये एक प्रत्यक्ष कोअर दोन लॉजिकल प्रोसेसरांच्या रूपाने समोर येतो. परंतु ते दोघे आतली गणनयंत्रणा वाटून वापरतात, त्यामुळे दोघे मिळून दुप्पट काम होत नाही. ४ कोअर आणि ८ थ्रेड असलेल्या यंत्रावर एकूण वापर ५० टक्के दिसत असताना चारही प्रत्यक्ष कोअर पूर्ण जुंपलेले असू शकतात, आणि उरलेल्या ५० टक्क्यांत तेवढेच आणखी काम होईल हा अंदाज बहुतेक वेळा फसतो. क्षमतेचे नियोजन करणाऱ्यांना ही गोष्ट सहसा उशिरा कळते.

पायरी दुसरी: ओळखीचा भार तयार करावा

मोजणारे साधन समजून घ्यायचे असेल, तर ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे माप त्याला द्यावे. पायथन सुरू करून त्यात काहीही न करणारे, कधीही न संपणारे व्हाइल लूप चालवावे. असा प्रोग्राम एकाच थ्रेडवर, म्हणजे सूचनांच्या एकाच धाग्यावर, चालतो, डिस्कची किंवा नेटवर्कची वाट पाहत नाही, आणि बरोबर एक लॉजिकल प्रोसेसर पूर्ण व्यापतो. कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की तो थांबतो. संगणकाला यापासून अपाय नाही. पंख्याचा आवाज थोडा वाढेल इतकेच.

८ लॉजिकल प्रोसेसरांच्या यंत्रावर हे लूप चालू ठेवून पाहिले, तर लिनक्सवरील टॉप हे साधन त्या प्रोसेसपुढे, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामपुढे, १०० च्या जवळचा आकडा दाखवतो, मॅकचा अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरही १०० च्या जवळचाच दाखवतो, आणि विंडोजचा टास्क मॅनेजर डिटेल्स विभागात १२ किंवा १३ दाखवतो. यात चमत्कार काही नाही: पहिल्या दोघांनी एका कोअरचा वेळ १०० मानला आहे, तर तिसऱ्याने आठही कोअरांचा मिळून. १०० भागिले ८ म्हणजे १२.५.

आता लूपची दुसरी प्रत सुरू करावी. लिनक्सवर दोन ओळी आणि प्रत्येकीपुढे सुमारे १००, पण टॉपच्या वरच्या सारांशात वापर साधारण २५. म्हणजे एकाच पडद्यावर खालची यादी एका छेदाने आणि वरचा सारांश दुसऱ्या छेदाने मांडलेला असतो. नवख्यांचा निम्मा गोंधळ या एका गोष्टीतून उपजतो.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसू शकते. प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख उघडला, तर एक कोअर १०० वर आणि बाकीचे शून्यावर असे स्वच्छ चित्र दरवेळी मिळत नाही. तीन-चार कोअर अर्धवट भरलेले दिसतात. शेड्युलर, म्हणजे कोणते काम कोणत्या कोअरवर चालवायचे हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग, एकच थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असतो, आणि आलेखाचा प्रत्येक ठिपका सेकंदभराची सरासरी असल्यामुळे हे स्थलांतर पसरट होऊन उमटते. त्या आलेखांची बेरीज एका कोअरइतकीच येते. ‘एकही कोअर पूर्ण भरलेला नाही, म्हणजे प्रोसेसरमुळे काम अडलेले नाही’ हा निष्कर्ष अशा वेळी चुकीचा ठरतो.

पायरी तिसरी: लिनक्सचा हिशेब हाताने करून पाहावा

लिनक्सपासून सुरुवात करण्याचे कारण असे की तेथे कच्ची नोंद उघडी असते. प्रॉक नावाच्या फोल्डरातील स्टॅट ही फाइल वाचली, की पहिल्या ओळीत सीपीयू या शब्दापुढे १० आकडे दिसतात. ते संगणक सुरू झाल्यापासूनच्या वेळेचे साठत गेलेले हिशेब आहेत, आणि त्यांचे एकक बहुतेक यंत्रांवर सेकंदाचा शंभरावा भाग असते. क्रमाने ते असे: युझर, म्हणजे सामान्य प्रोग्राम चालवण्यात गेलेला वेळ, नाइस, म्हणजे मुद्दाम खालचा अग्रक्रम दिलेल्या प्रोग्रामांचा वेळ, सिस्टीम, म्हणजे कर्नलने, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, घेतलेला वेळ, आयडल, म्हणजे रिकामा वेळ, आयओवेट, ज्याविषयी पुढे येईल, हार्डवेअर इंटरप्ट व सॉफ्ट इंटरप्ट, म्हणजे उपकरणांच्या तातडीच्या हाकांना उत्तर देण्यात गेलेला वेळ, स्टील, जो सहाव्या पायरीत येईल, आणि शेवटी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, चालवण्यात गेलेल्या वेळेचे गेस्ट व गेस्ट नाइस. शेवटचे दोन आधीच्या युझर आणि नाइसमध्ये धरलेले असतातच, म्हणून बेरीज करताना ते पुन्हा मिळवले तर एकूण वेळ फुगतो.

हे आकडे साठत जाणारे असल्यामुळे एकदा वाचून काहीच कळत नाही. दोनदा वाचून वजाबाकी करावी लागते. समजा, ४ लॉजिकल प्रोसेसरांच्या यंत्रावर ५ सेकंदांच्या अंतराने दोन वाचने घेतली. उपलब्ध वेळ झाला ४ गुणिले ५ गुणिले १००, म्हणजे २००० एकके. फरक असे निघाले: युझर ४८०, सिस्टीम ६०, सॉफ्ट इंटरप्ट १०, आयओवेट ५०, आयडल १४००, आणि बाकी सर्व शून्य. कामाचा वेळ ४८० अधिक ६० अधिक १०, म्हणजे ५५०, वापर २७.५ टक्के. एखाद्या साधनाने आयओवेटही कामात धरला तर कामाचा वेळ ६०० होतो आणि तेच यंत्र, त्याच ५ सेकंदांसाठी, ३० टक्के व्यग्र ठरते. दोन निरीक्षण-साधनांचे आकडे थोडक्यासाठी जुळत नसतील, तर पहिला संशय या एका रकान्यावर घ्यावा.

त्याच यंत्रावर त्या ५ सेकंदांत एका प्रोसेसने ४६० एकके वापरली असतील, तर टॉप तिच्यापुढे ९२ दाखवेल, कारण ४६० ला एका कोअरच्या ५०० एककांनी भागले. आता टॉप चालू असताना शिफ्टसह आय ही कळ दाबावी. तीच प्रोसेस २३ वर येते, कारण आता छेद २००० झाला. टॉपच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पद्धतीला आयरिक्स मोड आणि दुसरीला सोलारिस मोड म्हटले आहे. ही नावे दोन जुन्या युनिक्स प्रणालींवरून आली आहेत आणि सुरुवातीला आयरिक्स मोड चालू असतो. आकड्यांच्या ओळीतील १ ही कळ दाबल्यास सारांशातील एकत्रित ओळीऐवजी प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरची वेगळी ओळ उघडते. एखादे यंत्र मंद वाटत असेल आणि एकूण वापर मात्र थोडाच दिसत असेल, तेव्हा सर्वांत आधी ही कळ दाबावी.

आयओवेटविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या रकान्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाचाही होत नाही. नावावरून वाटते की प्रोसेसर डिस्कची वाट पाहत अडकून पडला आहे. प्रत्यक्षात तो रिकामाच असतो. त्या रिकाम्या वेळेत डिस्ककडे मागितलेले एखादे काम अपुरे होते, इतकीच ती नोंद आहे. याची खूण अशी की मंद डिस्कवर मोठी फाइल कॉपी होत असताना आयओवेट ४० टक्के दिसत असेल, आणि त्याच वेळी आपण दुसऱ्या पायरीतील रिकामी लूप प्रत्येक कोअरमागे एक याप्रमाणे सुरू केली, तर आयओवेट जवळपास शून्यावर येतो. डिस्क होती तितकीच मंद आहे, फक्त प्रोसेसरला रिकामा वेळ उरला नाही. बहु-कोअर यंत्रावर वाट पाहणारी प्रोसेस कोणत्याच कोअरवर चालत नसते, त्यामुळे तिचा वेळ नेमका कोणत्या कोअरच्या खात्यावर मांडायचा हाही प्रश्न उरतो. हा आकडा विश्वासार्ह नाही असे कर्नलच्या दस्तऐवजांतच नमूद केले आहे. तो डिस्ककडे पाहण्याची सूचना म्हणून घ्यावा, मोजमाप म्हणून नव्हे.

आता सुरुवातीच्या ०.२ टक्क्यांविषयी. लिनक्सवर पीएस ही आज्ञा प्रोसेसचा जो वापर दाखवते, तो तिच्या संपूर्ण आयुष्याची सरासरी असतो. १० तास गप्प बसून राहिलेली प्रोसेस गेले एक मिनिट कोअर पूर्ण व्यापून असेल, तर टॉप १०० म्हणेल आणि पीएस म्हणेल साठ सेकंद भागिले दहा तास, म्हणजे ०.२ टक्क्यांहूनही कमी. फ्रीबीएसडी आणि मॅकओएस यांच्या पीएसमध्ये मात्र तोच रकाना गेल्या सुमारे मिनिटभराची, जुन्या वेळेचे वजन उतरत जाणारी सरासरी दाखवतो. आज्ञा त्याच नावाची, रकानाही त्याच नावाचा, आणि अर्थ दोन. एका प्रणालीवर लिहिलेली स्क्रिप्ट दुसरीवर नेताना येथे ठेच लागते. अशीच गत व्हीएमस्टॅट या आज्ञेच्या पहिल्या ओळीची: ती संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दर सेकंदाला एक याप्रमाणे ओळी मागवाव्यात आणि पहिली सोडून द्यावी.

लोड अ‍ॅव्हरेज हे टक्केवारीचे दुसरे रूप आहे असे समजू नये. अपटाइम ही आज्ञा १, ५ आणि १५ मिनिटांचे जे तीन आकडे देते, ते चालू असलेल्या आणि चालण्यासाठी रांगेत असलेल्या कामांच्या संख्येची सरासरी सांगतात, म्हणून कोअर पूर्ण भरल्यावरही ते वाढतच जाऊ शकतात. लिनक्सने १९९३ पासून त्यात मध्येच न थांबवता येणाऱ्या प्रतीक्षेतील, म्हणजे बहुधा डिस्कसाठी खोळंबलेल्या कामांचाही समावेश केला आहे. परिणामी नेटवर्कवरील साठवण बंद पडली की प्रोसेसर ९५ टक्के रिकामा आणि लोड ४० असे दृश्य लिनक्सवर दिसू शकते. विंडोजमध्ये लोड अ‍ॅव्हरेज नाही. तेथे रांगेची लांबी सांगणारा वेगळा काउंटर आहे.

पायरी चौथी: विंडोजवर कोणता काउंटर आहे, ते आधी ओळखावे

विंडोजवर छेदाचा प्रश्न सोपा आहे, निदान टास्क मॅनेजरपुरता: तेथे १०० म्हणजे सगळा प्रोसेसर. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये मात्र एखाद्या प्रोसेसचा प्रोसेसर टाइम हा काउंटर लावला, तर तो एका कोअरला १०० मानतो आणि ८ लॉजिकल प्रोसेसरांवर ८०० पर्यंत जाऊ शकतो. एकाच कंपनीची, एकाच प्रणालीतली ही दोन साधने वेगवेगळा छेद का वापरतात, याला सवय हेच उत्तर आहे.

खरी गुंतागुंत अंशाची आहे. २०१२ मधील विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरने प्रोसेस आणि परफॉर्मन्स या विभागांत नुसत्या वेळेऐवजी प्रोसेसर युटिलिटी हे माप वापरायला सुरुवात केली. यात कामात गेलेल्या वेळेला प्रोसेसरच्या त्या वेळच्या वेगानेही गुणले जाते. मूळ वेग २ गिगाहर्ट्‌झ असलेला प्रोसेसर टर्बोमुळे, म्हणजे वेग तात्पुरता वाढवण्याच्या सोयीमुळे, ३ गिगाहर्ट्‌झवर चालत असेल आणि निम्मा वेळ कामात असेल, तर प्रोसेसर टाइम ५० टक्के आणि युटिलिटी ७५ टक्के येते. उलट, वीज वाचवण्यासाठी तोच प्रोसेसर १ गिगाहर्ट्‌झवर उतरला आणि पूर्ण वेळ कामात राहिला, तर प्रोसेसर टाइम १०० आणि युटिलिटी ५०. टर्बोत युटिलिटी १०० च्या वर जाते, पण टास्क मॅनेजर ती १०० वरच छाटून दाखवतो. हे माप ‘किती काम झाले’ या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते, हे मान्य करावे लागेल. पण इतर कोणत्याही साधनाशी ते जुळत नसल्यामुळे त्याने वर्षानुवर्षे लोकांना बुचकळ्यात टाकले. डिटेल्स विभाग मात्र वेळेवर आधारित जुनेच माप दाखवत राहिला, त्यामुळे एकाच खिडकीतल्या दोन पानांवर एकाच प्रोग्रामचे दोन आकडे दिसत.

२०२५ मध्ये विंडोज ११ च्या सुधारणांतून मायक्रोसॉफ्टने हे बदलले. आता सर्व पानांवर वेळेवर आधारित प्रचलित माप येते, आणि जुने माप हवे असणाऱ्यांसाठी डिटेल्स विभागात सीपीयू युटिलिटी नावाचा एक रकाना ठेवला आहे, जो आपण होऊन दाखवावा लागतो. म्हणून विंडोजवरील दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हीकडची आवृत्ती आणि सुधारणा सारख्या आहेत का, हे आधी पाहावे. नाहीतर तुलना यंत्रांची न होता मापांची होते.

प्रत्यक्ष पाहताना परफॉर्मन्स विभागातील आलेखावर उजवी टिचकी मारून लॉजिकल प्रोसेसरनिहाय आलेख निवडावा, आणि त्याच मेनूतून कर्नलचा वेळही दाखवायला सांगावे. तो गडद छटेत येतो. अद्ययावत होण्याचा वेग सामान्यतः १ सेकंदाचा असतो, तो अर्ध्या सेकंदापर्यंत वाढवता किंवा ४ सेकंदांपर्यंत घटवता येतो. डिटेल्स विभागात सिस्टीम आयडल प्रोसेस या नावापुढे ९५ दिसल्यास घाबरू नये आणि ती बंद करण्याचा प्रयत्नही करू नये. तो रिकाम्या वेळेचा हिशेब आहे, वापराचा नव्हे.

स्वतः प्रोग्राम लिहून मोजणाऱ्यांसाठी एक सावधानतेची सूचना. विंडोजची गेट-सिस्टीम-टाइम्स ही सुविधा आयडल, कर्नल आणि युझर असे तीन वेळ देते, आणि त्यातील कर्नलच्या वेळेत आयडलचा वेळ आधीच मिसळलेला असतो. कामाचा वेळ काढताना कर्नल अधिक युझर वजा आयडल असे करावे लागते, आणि छेद कर्नल अधिक युझर इतकाच घ्यावा लागतो. हे ध्यानात न घेता कर्नल अधिक युझर हेच काम मानले आणि तिन्हींची बेरीज छेदात घेतली, तर पूर्ण रिकामे यंत्रही ५० टक्के व्यग्र दिसते.

फार थोडा वेळ जागे होऊन पुन्हा झोपणाऱ्या प्रोसेसही येथे फसवतात. टाइमरच्या ठोक्यावर जो कोणी चालू सापडेल त्याच्या नावावर तो सगळा ठोका मांडायचा, ही जुनी पद्धत. विंडोजमध्ये हा ठोका सर्वसाधारणपणे १५.६ मिलिसेकंदांचा असतो. दोन ठोक्यांच्या मध्ये उठून काम उरकणारी प्रोसेस अशा हिशेबात अल्प किंवा शून्य दिसते. व्हिस्टापासून विंडोज प्रोसेसरची आवर्तनेही, म्हणजे त्याच्या आतल्या घड्याळाचे सूक्ष्म ठोकेही, मोजते, आणि सिसइंटर्नल्सचे प्रोसेस एक्सप्लोरर हे साधन त्या मोजणीचा उपयोग करून अशा प्रोसेसही उघड्या पाडते. संशय असेल तेथे तेच वापरावे.

पायरी पाचवी: मॅकवर कोअरचा प्रकारही पाहावा

अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधील यादी एका कोअरला १०० मानते, म्हणून ८ कोअरांच्या मॅकवर एखादा व्हिडिओ-संपादक ६५० दाखवू लागला तर त्यात बिघाड काही नाही. खाली सिस्टीम, युझर आणि आयडल असे जे तीन आकडे येतात, त्यांची बेरीज मात्र १०० असते. खिडकीच्या मेनूतून सीपीयूचा इतिहास उघडला की प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा मिळतो. आयओवेट हा प्रकार मॅकवर नाही. डिस्कसाठी थांबलेला वेळ सरळ आयडलमध्ये जातो, आणि विंडोजवरही तसेच होते.

अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरांवर एक नवी अडचण उभी राहते. २०२० च्या एम१ मध्ये ४ वेगवान आणि ४ काटकसरी असे कोअर होते, आणि पुढच्या पिढ्यांतही ही विभागणी कायम राहिली. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर दोन्ही प्रकारच्या कोअरांचा वेळ सारखाच मोजतो आणि त्या वेळचा वेगही विचारात घेत नाही. पार्श्वभूमीत फोटोंची सूची तयार करणारी प्रोसेस काटकसरी कोअरवर संथ चालत १०० दाखवत असेल, आणि शेजारी वेगवान कोअरवरील संकलक, म्हणजे कंपायलर, तोही १०० दाखवत असेल. दोघांच्या कामात आणि विजेच्या खर्चात मोठी तफावत असते. हा फरक पाहायचा असेल, तर टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने पॉवरमेट्रिक्स ही आज्ञा चालवावी. ती कोअरांच्या प्रत्येक गटाचा वेग आणि तो किती वेळ जागा होता हे सांगते.

कर्नल टास्क या नावापुढे मोठा आकडा दिसला तर तो नेहमी कामाचाच असतो असे नाही. अ‍ॅपलच्याच स्पष्टीकरणानुसार तिचे एक काम प्रोसेसरचे तापमान आवरण्याचे आहे, आणि त्यासाठी ती जास्त वापर करणाऱ्या प्रोसेसना प्रोसेसर कमी मिळेल असे पाहते. अशा वेळी यंत्राचे वायुवीजन तपासावे, प्रोसेसची शिकार करत बसू नये.

टॉप मॅकवरही आहे, पण स्क्रिप्टमध्ये वापरताना त्याला किमान दोन नमुने घ्यायला सांगावे. पहिल्या नमुन्यातील प्रोसेसनिहाय टक्केवारी ग्राह्य नसते, कारण वजाबाकी करायला आधीचे वाचनच तेव्हा हाताशी नसते.

इतर प्रणाली, थोडक्यात

फ्रीबीएसडीचा टॉप युझर, नाइस, सिस्टीम, इंटरप्ट आणि आयडल अशा पाचच अवस्था ओळखतो. त्यातील डब्ल्यूसीपीयू हा रकाना वजनी सरासरी दाखवतो, आणि शिफ्टसह सी ही कळ दाबून तो कच्च्या सीपीयू रकान्याशी बदलता येतो. सिस्टीम-प्रोसेसही दाखवायला सांगितल्यास ४ कोअरांच्या रिकाम्या यंत्रावर आयडलपुढे ४०० च्या जवळचा आकडा दिसतो. सोलारिसचे पीआरस्टॅट सगळ्या प्रोसेसरांना मिळून १०० मानते, आणि सोलारिस १० पासून तेथे आयओवेटचा रकाना कायम शून्य दाखवतो. ज्या आकड्याने दिशाभूलच होते तो काढून टाकण्याचा हा निर्णय मला योग्य वाटतो. अँड्रॉइडवर संगणकाला जोडून टॉप चालवल्यास मथळ्यातच ८ कोअरांसाठी ८०० टक्के असा छेद स्पष्ट छापलेला मिळतो, आणि ही सर्वांत प्रामाणिक मांडणी म्हणावी लागेल. मात्र अँड्रॉइड ८ पासून सामान्य अ‍ॅपांना संपूर्ण यंत्राचा हिशेब वाचू दिला जात नाही, तेव्हा एखादे अ‍ॅप फोनच्या प्रोसेसरचा एकूण वापर दाखवत असेल तर तो त्याने कोठून काढला हे विचारावे.

या सगळ्या प्रणालींना लागू होणारी एक बाब अशी: प्रोसेसर मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत थबकलेला असेल, तर तो वेळ सर्वत्र कामातच मोजला जातो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या दृष्टीने तो कोअर त्या प्रोसेसला दिलेला आहे, एवढेच तिला ठाऊक असते. त्यामुळे १०० टक्के दिसत असताना गणना करणारा भाग बराच वेळ रिकामा असू शकतो, आणि हे पाहण्यासाठी लिनक्सवर पर्फ सारख्या साधनाने प्रत्येक आवर्तनामागे किती सूचना पार पडल्या ते मोजावे लागते.

पायरी सहावी: व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर

व्हर्च्युअल मशीनच्या आत मोजलेली टक्केवारी तिला मिळालेल्या आभासी प्रोसेसरांची असते. तिला चालायचे होते पण खालच्या यंत्राने तो वेळ दुसऱ्या कोणाला दिला, असा वेळ लिनक्सवर स्टील या रकान्यात येतो आणि टॉपमध्ये एसटी या अक्षरांपुढे दिसतो. तो सातत्याने १० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर आतल्या प्रोग्रामांची छाननी करून उपयोग नाही. खालच्या यंत्रावर गर्दी आहे.

कंटेनरची, म्हणजे त्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर वेगळ्या कप्प्यात चालवलेल्या प्रोग्रामांची, गोष्ट वेगळी, कारण त्याला स्वतःचा कर्नल नसतो. आत जाऊन टॉप चालवला की सामान्यतः वरचा सारांश संपूर्ण यंत्राचा येतो, यादी मात्र कंटेनरातील प्रोसेसची. बाहेरून डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाची स्टॅट्स ही आज्ञा वापरल्यास प्रत्येक कंटेनरचा वापर एका कोअरला १०० मानून दिसतो, म्हणून तेथे २०० हा आकडा पूर्ण ग्राह्य आहे.

पण मर्यादा घातलेल्या कंटेनरच्या बाबतीत टक्केवारी जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि ते एका ढोबळ हिशेबाने दिसते. ८ कोअरांच्या यंत्रावर एका कंटेनरला एका कोअरची मर्यादा दिली आहे. लिनक्स ही मर्यादा सहसा दर १०० मिलिसेकंदांच्या अवधीत १०० मिलिसेकंदांचा वाटा, अशा रूपात पाळते. आता दर सेकंदाला एक विनंती येते, तिला एकूण १५० मिलिसेकंदांचा प्रोसेसर-वेळ लागतो, आणि प्रोग्राम ते काम ८ थ्रेडांत वाटतो. मर्यादा नसती तर काम सुमारे १९ मिलिसेकंदांत झाले असते. मर्यादेमुळे आठ थ्रेड मिळून १०० मिलिसेकंदांचा वाटा १२.५ मिलिसेकंदांतच संपवतात, उरलेले ८७.५ मिलिसेकंद सगळे थांबतात, आणि पुढच्या अवधीत राहिलेले काम पूर्ण करतात; उत्तर यायला सुमारे १०६ मिलिसेकंद लागतात. सेकंदभराची सरासरी काढली तर वापर एका कोअरच्या १५ टक्के भरतो, म्हणजे आलेखावर कंटेनर जवळपास रिकामा दिसतो आणि वापरणारा मात्र पाचपट उशिराची तक्रार करतो.

अशा वेळी टक्केवारी सोडून सीग्रुपच्या, म्हणजे ही मर्यादा पाळणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या, फोल्डरातील सीपीयू डॉट स्टॅट ही फाइल उघडावी. तिच्यात किती अवधी झाले, त्यांपैकी कितीत कंटेनर रोखला गेला आणि एकूण किती मायक्रोसेकंद रोखून धरला, अशा नोंदी असतात. त्याही साठत जाणाऱ्याच आहेत, तेव्हा तक्रार येत असतानाच मिनिटभराच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करावी. रोखलेल्या अवधींची संख्या वाढत असेल, तर मर्यादा वाढवावी किंवा प्रोग्रामच्या थ्रेडांची संख्या त्या मर्यादेच्या मानाने कमी करावी, आणि बदल केल्यावर तीच दोन वाचने पुन्हा घ्यावीत.